तीनशे चाळीस डबे

"मॅडम, तुमचे डबे फाडलेत," धारवाडकर म्हणाले आणि त्यांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

फोटोत माझाच डबा होता. गडद निळा, गोल, वर पाऊस आत जाऊ नये म्हणून उतरतं झाकण. पण त्याच्या पोटाला खालपासून छातीपर्यंत चौकोनी भोक पाडलेलं होतं आणि आतला पत्र्याचा पिंप उघडा पडला होता. मी पुढचा फोटो पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. एकूण अकरा डबे होते आणि अकराही तसेच कापलेले.

"कुठले आहेत हे?"

"भाजी मंडईमागचा रस्ता. मागच्या आठवड्यापर्यंत धड होते म्हणे."

माझं डोकं सणकलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. वस्तूंच्या रचनेचं शिक्षण घेऊन औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्यानं घेतली होती आणि दोन वर्षं दुकानांची शेल्फं आणि शाळांची बाकं करून कशीबशी तग धरली होती. शहरातल्या रस्त्यांसाठी कचऱ्याचे तीनशे चाळीस डबे, ही माझी पहिली मोठी ऑर्डर. रेखाटन माझं आणि बनावटही माझीच. स्कूटरवरून जाताना मी मुद्दाम आडवाटेनं जायचे, माझे डबे बघत बघत. सिग्नलला थांबले की कुणी आपल्या डब्यात केळ्याचं साल टाकतंय हे बघून सुखावायचे.

"लोकांची लायकी नाही," मी म्हणाले. "कुणी केलं हे? भंगारवाल्यांनी?"

"असतील. किंवा दारुडे." धारवाडकर महापालिकेच्या घनकचरा विभागाचे उपअभियंता होते. शांत माणूस. टेबलावर काचेखाली देवाचे फोटो असायचे. "आपण पोलिसात देऊ. पण फिर्याद तुमच्या सहीनं जायला हवी. अजून वर्षभराची हमी चालू आहे. कुणीतरी मुद्दाम मोडतोड केली असं रेकॉर्डवर आलं, तर दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येणार नाही. नाही आलं, तर येईल."

"द्या इकडे. मी करते सही."

त्यांनी टाइप केलेला कागद तयारच ठेवला होता. मी नीट वाचलाही नाही. सही करताना मी जे बोलले ते मात्र मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "अशा माणसांना चार दिवस आत टाकलं ना, की बरोबर कळतं."

तिथून मी थेट मंडईमागच्या रस्त्यावर गेले. साडेअकरा वाजले असतील. पहिला कापलेला डबा दिसला तिथे स्कूटर लावली आणि खाली बसून बघू लागले.

फोटोत भोक वाटलं होतं ते भोक नव्हतं. कापलेला पत्रा जागच्या जागी होता. सायकलच्या जुन्या टायरच्या दोन पट्ट्या बोल्टनं आवळून तो एका बाजूनं डब्याला जोडला होता आणि दुसऱ्या बाजूला तारेची कडी होती. मी कडी काढली. पत्रा दारासारखा उघडला. कापलेल्या कडेवर हात फिरवायला गेले, तर धार लागलीच नाही. पाण्याची प्लॅस्टिकची नळी उभी चिरून तिनं ती सगळी कड झाकलेली होती.

तिनं म्हणते खरी, पण तेव्हा ती कोण हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते सगळं नीटनेटकं काम बघून माझा राग कमी झाला नाही, वाढला. दारुड्यानं लाथ घालणं निराळं. इथे कुणीतरी शांत डोक्यानं, मोजूनमापून माझ्या वस्तूला हात लावला होता.

पुढच्या चौकातून कटरचा आवाज आला. दगडी फरशी कापताना येतो तसला, कानात शिरणारा. मी धावतच गेले.

चहाच्या टपरीतून वायर ओढून घेतलेली होती. माझ्या बाराव्या डब्यापुढे एक बाई फतकल मारून बसली होती. साडीवर महापालिकेचं नारिंगी जाकीट, डोळ्यांना मोटारसायकलवाले लावतात तसला गॉगल, नाकातोंडावर ओढणी. हातात ग्राइंडर. ठिणग्या तिच्या गुडघ्याजवळून उडत होत्या. माणसं चहा पीत बघत होती. जाकीट बघून सगळ्यांना वाटलं असणार, महापालिकेचंच काम चाललंय.

"ए बाई! बंद कर ते!"

तिनं मशीन बंद केलं, गॉगल वर केला. चाळिशी उलटलेली. कपाळ घामानं निथळत होतं.

"तुमी कोन?"

"हे डबे माझे आहेत. मी बनवलेत. तू कुणाच्या परवानगीनं कापतेस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं घाबरली. पण ती म्हणाली, "तुमी बनवलं? मंग बरं झालं आला. कवापासनं म्या म्हनतीया, ह्यो कुनी केला त्याला एकदा बघायचाय."

"तोंड सांभाळून बोल. सरकारी मालमत्ता आहे ही. तुझी नोकरी जाईल, कळतंय का?"

"नोकरी कुठली, ठेक्यावर हाय म्या. सरूची गेलीच की."

"कोण सरू?"

"सरस्वती लोंढे. माझ्यासंगं ह्याच रस्त्याला हुती. मागल्या म्हैन्यात पिंप उचलताना निसटला, मनगट मोडलं. ठेकेदार म्हनला, हात धड झाल्यावर ये. तवर दुसरी बाई ठेवली त्यानं." तिनं ग्राइंडर खाली ठेवला आणि उठून उभी राहिली. माझ्या खांद्याला लागत होती जेमतेम. "तुमी उचलून दावा."

"काय?"

"ह्यो पिंप. तुमी बनवला न्हवं? झाकान उघडते म्या, तुमी वर काढून दावा. निघाला तर म्या पाया पडून माफी मागते आन चालती हुते पोलीस ठान्याला."

टपरीवरची माणसं पुढे सरकली. मला चेव चढला. मी ओढणी कमरेला खोचली. तिनं किल्ली फिरवून वरचं झाकण उलटं टाकलं. आत पिंप काठोकाठ भरलेला, भाजीची घाण, नारळाची सोडणं, चहाचा चोथा. मी दोन्ही कड्या धरल्या आणि ओढलं. पिंप वीतभर वर आला आणि थांबला. डबा माझ्या छातीपर्यंत उंच. पिंप अडीच फुटी. तो बाहेर काढायचा म्हणजे हात डोक्याच्या वर न्यायला हवेत. मी पाय रोवले, पुन्हा जोर लावला. हात लटपटायला लागले. पिंप कलंडला आणि आतलं काळं पाणी माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत आलं. मी सोडून दिला. तो धाडकन आत आदळला.

कुणीतरी हसलं. ती मात्र हसली नाही.

"दिवसाला छत्तीस डबं," ती म्हणाली. "पावसात भाजी भिजली की ह्याच्या दुप्पट जड. माझा नवरा ग्रिलचं काम करायचा. बारा वर्सं म्या त्याच्या हाताखाली कापकाम केलं. त्यो गेला, कटर घरात पडून हुता. म्हनलं, दार पाडू. पदरच्या पैशानं बोल्ट आनले. कुनाची चोरी केली?"

बाहीचा वास येत होता आणि एवढ्या माणसांत तिनं मला उघडं पाडलं याचा संताप होत होता. मी चौकात शिरतानाच धारवाडकरांना फोन केला होता. दहा मिनिटांत दोन पोलीस आले. मी त्यांना नको म्हणू शकले असते. मी स्कूटरला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले. तिनं वायर गुंडाळून टपरीवाल्याला परत दिली, ग्राइंडर पिशवीत घातला आणि त्यांच्याबरोबर चालत गेली. जाताना तिनं नाव सांगितलं, शकुंतला जगधने. पोलिसांना नाही, मला.

शेडवर आले तेव्हा निसारमिस्त्री जेवायला बसले होते. माझ्या शेडमधलं सगळं कापकाम, जोडकाम त्यांच्या हातचं. साठीचा माणूस, कमी बोलणारा. मी हात धूत धूत सगळं सांगितलं. मोठमोठ्यानं सांगितलं. बाईचा उद्धटपणा, बघ्यांचं हसणं, सगळं.

ते डबा बंद करून म्हणाले, "तळापासून किती वर कापलंय तिनं?"

"असेल दोन-अडीच इंच. का?"

"आपणही दोनच ठेवले होते."

मी नळ बंद केला.

"आणि बिजागरी डावीकडे?"

"डावीकडे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "बाईला काम येतं."

"मिस्त्री, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी काय म्हणणार ताई? तेव्हा म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात पहिली ऑर्डर आहे, हातची घालवायची नाही. मी म्हटलं बरं." त्यांनी पेला विसळला. "रिकामा पिंप माझ्याकडून उचलून घेतलात, फोटो काढलात, तो फाइलला लावलात. रिकामा काय, माझी नातसुद्धा उचलेल."

हे मी आत्तापर्यंत तुम्हालाही सांगितलं नाही, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत मी ते स्वतःलाही सांगत नव्हते. माझ्या पहिल्या रेखाटनात दार होतं. डब्याच्या पोटाला, तळापासून दोन इंच वर, डावीकडे बिजागरी. पिंप वर उचलायचाच नाही, पुढून बाहेर घ्यायचा, अशीच मुळात ती रचना होती. पण महापालिकेनं डब्याला दहा हजारांच्या वर दर द्यायचा नाही असं ठरवलं होतं आणि माझा डबा दहा हजार आठशे पन्नासाला जात होता. धारवाडकर त्यांच्या त्याच खुर्चीत बसून म्हणाले होते, "दार काढून टाका ना. सफाईवाले वरून उचलतील. त्यांना सवय असते." आणि मी नुसती हो म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, "चालेल सर. तसा तो दिसेलही जास्त सुबक."

चार वाजता पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, जबाबासाठी. धारवाडकर आधीच येऊन बसले होते. उपनिरीक्षक बनसोडे म्हणून एक तरुण अधिकारी होते. कोपऱ्यातल्या बाकावर जगधनेबाई, पायाशी ती पिशवी.

"मॅडम, फिर्याद तुमची आहे," बनसोडे म्हणाले. "हीच बाई ना?"

मी वाटेत ठरवून आले होते. "साहेब, गैरसमज झाला. यांना मीच सांगितलं होतं. दार बसवून चालतं का ते बघायचं होतं. हमीच्या काळात मी असे बदल करू शकते. धारवाडकरसाहेबांना कळवायचं राहून गेलं."

धारवाडकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या टेबलावरच्या काचेवर थुंकले होते. बनसोडे पेन ठेवून हसले. "मग सकाळी सही कशाला केली?"

"चुकलं माझं. यांना जाऊ द्या."

मला वाटलं, झालं. मनातून जरा बरंही वाटायला लागलं होतं, मोठेपणा केल्यासारखं. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"ह्या बाईनं मला काय बी सांगितलं न्हाई."

"अहो बाई, गप्प बसा," बनसोडे म्हणाले. "सुटताय तुम्ही."

"कशातनं सुटायचं? म्या काय दरोडा घातला?" जगधनेबाई उठून पुढे आल्या. "सकाळी बघितलं म्या हिला, जल्मात पैल्यांदा. डोकं माझं, हात माझा, कटर माझ्या नवऱ्याचा. चार दिस उन्हात बसून कापलं. आन आता नाव हिचं व्हय? माझं काम हिच्या नावावर चढवू नका. लावा मला कलम लावायचं ती."

"मी तुम्हाला सोडवायला..."

"तुमी मला सोडवायला न्हाई आला. तुमी सोताला सोडवायला आला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "खरं काय ते सांगा की. डबा वंगाळ हाय, म्हनून कापला. एवढं बोलाया तुमची जीभ का वळंना?"

ठाण्यात पंखा फिरत होता. धारवाडकर हळूच म्हणाले, "वर्तक मॅडम, नीट विचार करून बोला. तुमचं अर्धं बिल अजून निघायचंय."

ते असं म्हणाले नसते तर मी कदाचित गप्प बसले असते. मला आजही त्याची खात्री नाही. पण ते म्हणाले, आणि सकाळपासून जो राग मी भंगारवाल्यांवर, दारुड्यांवर, या बाईवर उधळत होते, तो एकदम त्याच्या खऱ्या जागी जाऊन बसला.

"लिहून घ्या साहेब," मी बनसोड्यांना म्हणाले. "दार माझ्या पहिल्या नकाशात होतं. दर बसवण्यासाठी ते काढलं. काढा असं या साहेबांनी सांगितलं, आणि मी काढलं. भरलेला पिंप वरून निघणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी चाचणी रिकाम्या पिंपाची केली आणि त्याचा फोटो फाइलला लावला. या बाईंनी कापलं ते बरोबर त्याच जागी कापलंय. त्यांनी मोडतोड केलेली नाही. माझी चूक दुरुस्त केली आहे, मला न विचारता. आणि विचारलं असतं तर मी त्यांना हाकलून दिलं असतं."

"तोंडी गोष्टींना काय पुरावा?" धारवाडकर म्हणाले.

"दाराचा नकाशा तुमच्या कार्यालयात आलाय. आवकचा शिक्का आहे त्यावर. माझ्याकडे प्रत आहे."

बनसोड्यांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. सगळं लिहिलं. मी सही केली, या वेळी वाचून केली. त्यांनी गुन्हा नोंदवला नाही. सहा वाजता जगधनेबाई बाहेर पडल्या. पायरीवर मी त्यांच्या मागोमाग गेले. काय बोलायचं होतं कुणास ठाऊक. त्यांनी वळून पाहिलंच नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आठवड्याभरात महापालिकेची नोटीस आली. सदोष रचनेबद्दल सर्व तीनशे चाळीस डब्यांना स्वखर्चानं दार बसवावं, नाहीतर काळ्या यादीत नाव. दार काढा म्हणणाऱ्याचं नाव त्या कागदात कुठेच नव्हतं. बिल अडकलं ते दीड वर्ष. मी आणि निसारमिस्त्रींनी पाच महिने दुसरं काहीच केलं नाही. पुढच्या वर्षी धारवाडकरांना बढती मिळाली आणि स्वच्छतेच्या एका प्रदर्शनात त्यांनी 'कामगारस्नेही कचरापेटी' म्हणून माझ्याच डब्याचं दार उघडून पाहुण्यांना दाखवलं. मी गर्दीत उभी होते. तेव्हा माझ्या तोंडात जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

जगधनेबाईंना ठेकेदारानं नालेसफाईच्या टोळीत टाकलं होतं. दारांचं काम काढलं तेव्हा मी पत्ता शोधत त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, शेडवर येऊन एकदा बघून जा.

"मजुरी काय?"

"हेल्परची देते."

"फिटरची द्या. न्हाईतर न्हाई येत."

फिटरची दिली. पहिलं दार बघून त्यांनी मान हलवली. "पिंप उचलायचाच कशाला? वढायचा." तळाशी लोखंडी पट्टीचे दोन रूळ लावायला लावले, पिंप त्यांवरून सरकत बाहेर येतो, कंबर वाकवायलाही लागत नाही. इतकं शिकून मला ते सुचलं नव्हतं. अकरा रविवार त्या आल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. निसारमिस्त्रींशी मात्र नवऱ्याच्या आठवणी काढून हसायच्या.

शेवटच्या रविवारी पैसे घेताना त्या म्हणाल्या, "सरूला कुनी सांगितलं न्हाई अजून, दारं बसली म्हनून. म्या न्हाई जानार. तुमी जावा."

मी गेले. सकाळी दहाच्या सुमारास, रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत. सरस्वती लोंढे दाराशी बसून लसूण सोलत होत्या. हॉटेलवाल्यांचा लसूण, किलोमागे पैसे. उजवं मनगट वाकडंच बसलं होतं, म्हणून पाकळी डाव्या हातानं धरून दातांनी साल काढत होत्या. मी कोण ते सांगितलं. सगळं सांगितलं, पोलीस ठाण्यात सांगितलं होतं तसं, काही न वगळता. त्यांचे हात थांबले नाहीत.

"दार आधीच काढलं हुतं म्हनता?"

"हो."

"किती वाचलं?"

"एका डब्यामागे साडेआठशे."

"कुनाचं वाचलं?"

"महापालिकेचे," मी म्हणाले. सगळी दारं शेवटी माझ्या खर्चानं बसली होती. माझे तर वाचलेच नव्हते.

त्यांनी सोललेल्या पाकळ्या पातेल्यात टाकल्या आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"सांगून झालं न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग उठा आता. उजेड अडतोय."

मी उठले.